डावीकडचं अर्धं डोकं आणि जी४४.५१

रोज दुसऱ्यांच्या आजारांना कोड देणाऱ्या एका मेडिकल कोडरला स्वतःच्या डोकेदुखीचं नाव सापडायला नऊ महिने लागले. त्या नऊ महिन्यांची ही गोष्ट.

'डोकं दुखतंय' हे ऑफिसला दांडी मारायचं जगातलं सगळ्यात फुसकं कारण आहे. ताप असेल तर थर्मामीटरचा फोटो टाकता येतो. पाय मोडला तर प्लास्टर दिसतं. डोकेदुखीचं काय दाखवणार? त्यात टीम लीड स्वतः गोळी घेऊन डबल शिफ्ट मारणारी असेल, तर विषयच संपला.

मी हे दोन शब्द ऑगस्ट २०२३ पासून जवळजवळ रोज म्हणत होते. आईला, नवऱ्याला, टीम लीडला आणि तीन वेगवेगळ्या डॉक्टरांना. सगळ्यांनी ऐकलं. पण पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही, आणि खरं सांगू? मीही स्वतःला विचारला नाही.

यातली गंमत अशी, की आजाराचं नेमकं नाव शोधणं हीच माझी नोकरी आहे.

'कोडिंग म्हणजे सॉफ्टवेअर ना?'

नाही हो काकू. मेडिकल कोडिंग. लग्न ठरताना हे मी किमान चाळीस नातेवाइकांना समजावलं असेल, तर तुम्हालाही सांगते. अमेरिकेत डॉक्टर पेशंटला तपासतो आणि एक नोट लिहितो. ती नोट ऐरोलीला माझ्या स्क्रीनवर येते. ती वाचून त्यातल्या आजाराला मी एक कोड लावते. त्या कोडवर तिथली इन्शुरन्स कंपनी ठरवते, की पैसे द्यायचे की नाही. डोंबिवलीहून निघायचं, ठाण्याला गाडी बदलायची आणि सात वाजता लॉगिन करून ओहायो नाहीतर टेक्सासमधल्या कुणाचे तरी गुडघे नि फुफ्फुसं वाचायची. असा आपला फंडा.

हे कोड ज्या यादीतून येतात तिचं नाव आयसीडी-१०-सीएम. अमेरिकेने ती १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरायला घेतली. त्यात सत्तर हजारांहून जास्त कोड आहेत. कासव चावलं तर कोड आहे. बदकाने धडक दिली तर त्यालाही वेगळा कोड आहे. हसू नका, खरंच आहे!

आणि डोकेदुखी? डॉक्टरने नुसतं 'डोकं दुखतं' एवढंच लिहिलं असेल तर आर५१.९. म्हणजे 'डोकेदुखी, तपशील नाही'. मायग्रेन लिहिलं पण पुढे काहीच नाही, तर जी४३.९०९. तिथेही शेवटी तेच, तपशील नाही. हे दोन कोड मला पाठ आहेत. झोपेत विचारलंत तरी सांगेन. तासाला ठरलेले चार्ट संपवायचे असले की असे कोड आवडतात, कारण विचार करावा लागत नाही.

पित्त, सायनस, स्ट्रेस

माझं दुखणं डावीकडे होतं. डोळ्याच्या मागे, कपाळावर, कानशिलात. सुरुवातीला आई म्हणाली, "पित्त झालंय गं, जागरणं कमी कर." मग सुंठ उगाळून लेप झाला. नाकात साजूक तुपाचे थेंब झाले. सासूबाईंनी सूर्य उगवायच्या आत गरम दूध-जिलबी खायला लावली, कारण अर्धशिशीवर तोच उपाय. दुखणं राहिलं नाही असं नाही, पण जिलबी मात्र मस्त होती.

फॅमिली डॉक्टर म्हणाले मायग्रेन. डावं नाक चोंदायचं म्हणून नाक-कान-घसावाल्यांकडे गेले, ते म्हणाले सायनस. डाव्या डोळ्यातून पाणी यायचं, आत वाळूचा कण गेल्यासारखं खुपायचं, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. तिथे चष्म्याचा नंबर पाव पॉइंटने वाढला. डिसेंबरमध्ये एमआरआय झाला. रिपोर्ट नॉर्मल.

नॉर्मल रिपोर्टने घरात पेढे वाटले गेले, आणि ऑफिसमध्ये माझी केस संपली. "अगं, एमआरआय नॉर्मल आहे ना? मग स्ट्रेस असेल," टीम लीड म्हणाली. वाईट हेतूने नाही. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

पण जानेवारी २०२४ मध्ये माझ्या कामाचं ऑडिट आलं. आमच्याकडे ९५ टक्के अचूकता लागते. माझी सलग दोन महिने त्याखाली गेली होती. चुका कुठल्या? उजव्या गुडघ्याच्या संधिवाताचा कोड एम१७.११, डाव्याचा एम१७.१२. मी डाव्याला उजवा लावला होता. एकदा नाही, चारदा. जिला नऊ महिन्यांत उजवीकडे एकदाही दुखलं नाही, तिने डावं-उजवं चुकवावं!

मग ते प्रसिद्ध इंग्रजी पत्र आलं. पीआयपी. तीन महिन्यांत सुधारणा दाखवा, नाहीतर... 'नाहीतर'च्या पुढे काही लिहिलेलं नसतं. कॉर्पोरेटवाल्यांना ते न लिहिताच कळतं. आमचा घराचा हप्ता दोघांच्या पगारावर चालतो. त्या रात्री मी नवऱ्याला पत्राबद्दल सांगितलं नाही. गोळी घेतली आणि झोपले. तेव्हा मी रोज एक तरी वेदनाशामक गोळी घेत होते, कधी दोन.

इंडेक्समधल्या दोन वाटा

एप्रिलमध्ये एक चार्ट आला. पेशंटबद्दल एक अक्षर सांगणार नाही. अमेरिकेत १९९६ चा हिपा नावाचा गोपनीयतेचा कायदा आहे आणि मला नोकरीही प्यारी आहे. फक्त निदानाचे दोन शब्द सांगते, 'हेमिक्रेनिया कन्टिन्युआ'. पाच वर्षांच्या नोकरीत हे मी पहिल्यांदा बघत होते.

नवीन शब्द आला की आम्ही इंडेक्स उघडतो. तिथे 'हेमिक्रेनिया' या शब्दाखाली वेगवेगळ्या वाटा फुटतात. 'कन्टिन्युआ' असेल तर जी४४.५१. आणि 'मायग्रेन या अर्थी' वापरला असेल तर माझा पाठ असलेला जी४३.९०९. एकच शब्द आणि दोन वेगळे आजार.

हे असं का, तर त्याची मुळं जुनी आहेत. ग्रीकमध्ये 'हेमिक्रेनिया' म्हणजे अर्धी कवटी. तोच शब्द झिजत झिजत फ्रेंचमध्ये 'मायग्रेन' झाला. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत 'अर्धावभेदक' आहे आणि मराठीत 'अर्धशिशी'. सगळ्यांनीच अर्ध्या डोक्यावरून नाव ठेवलं. त्यामुळे झालं काय, की अर्धं डोकं दुखलं की आपण लगेच अर्धशिशी म्हणतो, अर्धशिशी म्हणजे मायग्रेन म्हणतो, आणि चौकशी तिथेच थांबते. पण अर्धं डोकं दुखवणारे आजार एकाहून जास्त आहेत, आणि त्यांची औषधं सारखी नाहीत.

लंच ब्रेकमध्ये मी डबा बाजूला ठेवून निकष वाचले. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेचं वर्गीकरण आहे, त्याची तिसरी आवृत्ती २०१८ मध्ये आली. त्यात हेमिक्रेनिया कन्टिन्युआबद्दल मोजक्या ओळी आहेत. दुखणं एकाच बाजूला. तीन महिन्यांहून जास्त, सलग. मधूनमधून जोरदार कळ. त्याच बाजूचा डोळा लाल होणं किंवा त्यातून पाणी येणं, नाक चोंदणं, पापणी सुजणं किंवा खाली येणं, कपाळाला घाम. किंवा मग अस्वस्थपणा, एका जागी बसवत नाही असं वाटणं.

मी एकेका ओळीवर मनातल्या मनात टिक करत गेले. पोळी-भाजी गार झाली.

शेवटची ओळ मात्र लक्षण नव्हतं, औषध होतं. 'इन्डोमेथासिन'च्या योग्य डोसने दुखणं पूर्ण थांबतं. आजाराच्या व्याख्येतच औषध! हे मी कोडिंगमध्ये फारसं कुठे पाहिलं नव्हतं.

'सस्पेक्टेड'ला कोड नाही

शेजारच्या डेस्कवरची मैत्रीण म्हणाली, "ए, मग केमिस्टकडून एक पट्टी घेऊन टाक ना! बघ थांबतं का."

मोह झाला. खोटं कशाला बोलू? इन्डोमेथासिन हे संधिवाताचं, गाउटचं जुनं औषध. पट्टी एका मिसळीच्या प्लेटहून स्वस्त. पण आमच्या कामातला एक नियम आडवा आला. ओपीडीच्या नोटमध्ये डॉक्टरने 'सस्पेक्टेड', 'प्रॉबेबल', 'रूल आउट' असं काही लिहिलं असेल, तर त्या आजाराचा कोड लावायचा नाही. जे नक्की माहीत आहे तेवढंच लिहायचं, म्हणजे लक्षण. आणि कोडरने स्वतःच्या डोक्याने निदान तर मुळीच करायचं नाही. ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात हे डोक्यात ठोकून बसवतात.

तेव्हा नियमाप्रमाणे माझ्याकडे अजूनही आर५१.९ च होतं. मनात जी४४.५१ कितीही पक्कं झालेलं असो.

मग मी मला जमतं ते केलं. रविवारी बसून स्वतःची नोट लिहिली. दोन पानं. कधीपासून, कुठल्या बाजूला, किती वेळ, कळ आली की डोळ्याला नाकाला काय होतं, महिन्यात किती गोळ्या. गोळ्या मोजल्या तर मार्चमध्ये एकतीसपैकी सव्वीस दिवस. आकडा बघून मीच दचकले.

वीस मिनिटांचे प्रश्न

मे महिन्यात ठाण्यातल्या एका न्यूरॉलॉजिस्ट मॅडमची अपॉइंटमेंट मिळाली. मी इंटरनेटवरून निदान करून आलेली पेशंट वाटू नये म्हणून तो शब्द मी उच्चारलाच नाही. नुसती पानं पुढे ठेवली. त्यांनी ती वाचली आणि मग वीस मिनिटं फक्त प्रश्न.

"दुखणं कधी उजवीकडे जातं?"

नाही.

"कळ येते तेव्हा अंधारात पडून राहता की फेऱ्या मारता?"

फेऱ्या. नवरा वैतागतो.

"आत्ता, या क्षणी, दुखतंय?"

हो. दहापैकी तीन.

"शेवटचं शून्य कधी होतं?"

या प्रश्नावर मी थांबले. कितीतरी वेळ आठवत बसले. गेल्या ऑगस्टपासून शून्य नव्हतंच. तीन म्हणजेच 'आज बरं आहे' असं मी धरून चालले होते. तीनची इतकी सवय झाली होती, की आधीच्या डॉक्टरांना मी फक्त आठच्या कळांबद्दल सांगत होते. त्यांना झटके येणारं मायग्रेन ऐकू येत होतं, कारण मीच ते सांगत होते!

मॅडमनी समजावलं, की फरक खूपदा घड्याळावरूनच कळतो. कुठलं दुखणं किती वेळ टिकतं, दिवसात कितीदा येतं, मध्ये पूर्ण थांबतं का. एमआरआय वाया गेला नव्हता. डोक्यात गाठ किंवा दुसरं कारण असलं तरी असंच दुखू शकतं, म्हणून तो आधी लागतोच. पण एमआरआय नॉर्मल म्हणजे काही सापडलं नाही, काही झालं नाही असं नव्हे. हेमिक्रेनिया कन्टिन्युआ फोटोत दिसत नाही.

मग त्यांनी रोजच्या गोळ्या बंद केल्या. महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. माझ्या केसमध्ये तो गुंता वेगळा.

मग इन्डोमेथासिन. त्याआधी बीपी, किडनीची तपासणी, अल्सर आहे का, दमा आहे का, दिवस गेलेत का, सगळं विचारून झालं. कारण हे औषध पोटाला आणि किडनीला त्रास देऊ शकतं. सोबत ॲसिडिटीची कॅप्सूल सक्तीची. आधी २५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, तीन दिवसांनी ५० मिलिग्रॅम तीनदा. म्हणजे दिवसाला १५०. मोठ्या माणसांमध्ये चाचणीसाठी किमान एवढा डोस लागतो, गरज पडली तर २२५ पर्यंत नेतात. मैत्रिणीच्या सल्ल्याने मी एक-दोन गोळ्या घेतल्या असत्या, तर फरक पडला नसता आणि मी 'हे नाहीच' म्हणून मोकळी झाले असते.

दिवा आणि मुंब्र्याच्या मध्ये

शनिवारी सुरू केलं. रविवार, सोमवार थोडं कमी. मंगळवारी डोस वाढला. बुधवारी सकाळी नेहमीची लोकल, नेहमीची गर्दी. दिवा स्टेशन गेलं आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. डबा विसरले? आयडी कार्ड? पर्स चाचपली. सगळं होतं. मग मुंब्रा यायच्या आत लक्षात आलं. दुखत नव्हतं.

कमी नाही. शून्य.

मी लेडीज डब्यात उभ्याउभ्या रडायला लागले. एका बाईंनी पटकन उठून जागा दिली. त्यांना वाटलं घरी काहीतरी झालंय. त्यांना काय सांगणार? 'डोकं दुखत नाहीये' म्हणून कुणी रडतं का?

पुढच्या भेटीत मॅडमनी फाइलवर तो शब्द लिहिला. आपल्याकडच्या ओपीडी पेपरवर कोड लिहायची पद्धत नाही. घरी आल्यावर कोपऱ्यात पेन्सिलने मीच लिहिला. जी४४.५१. आता नियमात बसत होता.

नाव मिळाल्याने काय होतं?

या आजाराला नाव मिळाल्याला फार वर्षं झाली नाहीत. नॉर्वेचे न्यूरॉलॉजिस्ट ओत्तार स्यास्ताद यांनी १९७४ मध्ये सहकाऱ्यासोबत याचंच भावंड, पॅरॉक्सिस्मल हेमिक्रेनिया, जगासमोर आणलं. १९८४ मध्ये एगिलियस स्पीरिंग्स यांच्यासोबत त्यांनी हेमिक्रेनिया कन्टिन्युआ मांडला. दोन्ही इन्डोमेथासिनने थांबतात. त्याच जातीच्या इतर वेदनाशामकांनी सहसा नाही. असं का, याचं पूर्ण उत्तर विज्ञानाला अजून सापडलेलं नाही.

वर्गीकरणातही याची फरपट झाली. २००४ च्या आवृत्तीत हा 'इतर डोकेदुखी'मध्ये होता. पुढच्या आवृत्तीत क्लस्टर हेडेकच्या घरात आला. अमेरिकन कोडांच्या यादीत मात्र तो अजून 'गुंतागुंतीच्या डोकेदुखी'खाली आहे. पत्ता बदलला, पाटी जुनीच!

पण पाटी आहे हे महत्त्वाचं. नाव मिळालं आणि आईचं 'पित्त' थांबलं. नवऱ्याला पीआयपीबद्दल सांगायचं धाडस आलं. एचआरला डॉक्टरांचं पत्र दिलं, तेव्हा टीम लीड माझ्या डेस्कपाशी येऊन म्हणाली, "सॉरी यार." जुलैमध्ये अचूकता पुन्हा ९५ च्या वर गेली आणि ते पत्र निकाली निघालं.

ही हॅपी एंडिंगची जाहिरात नाही, हेही सांगते. एकदा गावी कॅप्सूल विसरले, तर दुसऱ्या दिवशी तीन हजर. पोट कुरकुरतं. मॅडम मधूनमधून डोस उतरवून बघतात, की कमीत कमी कितीवर भागतंय. सध्या ७५ वर आहे. आम्हाला मूल हवंय आणि गरोदरपणात हे औषध असंच चालू ठेवता येत नाही, तेव्हा तो विषय आधी मॅडमशी बोलून ठरवायचा आहे. नाव मिळालं म्हणून आजार गेला नाही. पण आता पुढचा प्रश्न काय, ते तरी माहीत आहे.

आर५१.९ मी अजून रोज लावते. त्यात चूक नाही, जेवढं माहीत आहे तेवढंच तो सांगतो. फक्त पूर्वी तो कोड आला की मला बरं वाटायचं, चार्ट लवकर संपला म्हणून. आता वाटतं, या माणसाला पुढचा प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही.

चौकट : अर्धं डोकं दुखतंय? घड्याळ बघा

• मायग्रेन : उपचार न केल्यास झटका ४ ते ७२ तास. बाजू बदलू शकते. पडून राहावंसं वाटतं.

• क्लस्टर हेडेक : १५ ते १८० मिनिटं, डोळ्याभोवती भयंकर कळ. बसवत नाही.

• पॅरॉक्सिस्मल हेमिक्रेनिया : २ ते ३० मिनिटं, बहुतेकदा दिवसात पाचहून जास्त वेळा.

• हेमिक्रेनिया कन्टिन्युआ : तीन महिन्यांहून जास्त, एकाच बाजूला, सलग. मध्ये शून्य नाही.

• डॉक्टरकडे जाताना महिनाभराची डायरी न्या. वेळ, बाजू, डोळा-नाक आणि गोळ्यांचा आकडा. 'बरं असतं तेव्हा' किती दुखतं, तेही लिहा.

• इन्डोमेथासिन स्वतःहून घेऊ नका. ते चाचणी म्हणून द्यायचं की नाही, हे डॉक्टरच ठरवतील.

• अचानक आलेली आयुष्यातली सगळ्यात जोरदार डोकेदुखी, तापासोबत मान आखडणं, बोलणं अडखळणं, हात-पाय लुळे पडणं, दिसेनासं होणं : यातलं काही झालं तर डायरी नको. सरळ हॉस्पिटल.